एका टेकची माणसं: ओके गोचे माझे आवडते व्हिडिओ

[दृश्य: आठ ट्रेडमिल, चार-चारच्या दोन रांगा. कॅमेरा स्थिर.]

चार माणसं, आठ ट्रेडमिल. शेजारशेजारचे पट्टे उलट्या दिशांना धावतायत. कॅमेरा एका जागी ठोकून बसवल्यासारखा. कट नाही, क्लोज-अप नाही, झगमगाट नाही. २००६च्या जुलैअखेरीस 'ओके गो' या अमेरिकन रॉक बँडच्या 'हिअर इट गोज अगेन' या गाण्याचा हा व्हिडिओ यूट्यूबवर आला, तेव्हा यूट्यूब स्वतःच जेमतेम दीड वर्षाचं होतं. पुढच्या वर्षी याच व्हिडिओला ग्रॅमी मिळालं.

यात नाचापेक्षा मला आवडतं ते न नाचणं. चालत्या पट्ट्यावर माणूस नुसता उभा राहिला, तरी सरकत जातो. त्यामुळे काही जागी ही मंडळी पाय न हलवता, अगदी गंभीर चेहऱ्यानं, समोरून तरंगत निघून जातात. आणि नेमक्या जागी पोचायचं, तर निघायचं भलतीकडूनच, कारण पाऊल पडेपर्यंत पट्ट्यानं तुम्हाला पुढे किंवा मागे नेलेलंच असतं. अशा आठ पट्ट्यांवर चौघांनी तीन मिनिटं एकमेकांना चुकवायचं. मधे कुठे घसरलात, की पुन्हा पहिल्यापासून. असे सतरा टेक झाले.

हे बसवलं ट्रिश सी यांनी. त्या गायक डेमियन कुलॅशची बहीण. आधीच्या वर्षी 'अ मिलियन वेज'चा नाचही त्यांनीच बसवला होता आणि तो डेमियनच्या घरामागच्या अंगणात चित्रित झाला होता. तो व्हिडिओ बघताना एक गंमत लक्षात ठेवा: गाणं गायलंय डेमियननं, पण ओठ हलवतोय बेसवादक टिम नॉर्डविंड. कुणी विचारलं असतं, तर काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक.

डेमियन आणि टिम भेटले ते अकरा वर्षांचे असताना, मिशिगनमधल्या इंटरलॉकन इथल्या कलाशिबिरात. तिथले चित्रकलेचे शिक्षक मुलांना चित्र काढायला सांगताना 'ओके, गो!' म्हणायचे. बँडचं नाव तिथून आलं. बँड १९९८मध्ये शिकागोत सुरू झाला. ड्रम्सवर डॅन कोनोप्का, आणि २००५पासून गिटार-कीबोर्डवर अँडी रॉस. तेव्हापासून हेच चौघं.

आता चाहत्याची एक तक्रार. 'ओके गो' म्हटलं की लोक म्हणतात, 'अच्छा, ते ट्रेडमिलवाले!' गाणं कुणाला आठवत नाही. तक्रार रास्त आहे, पण थोडा दोष बँडचाही आहेच. काही गाणी व्हिडिओखाली अक्षरशः दबून गेली आहेत. तरीही मी या व्हिडिओंकडे पुन्हा पुन्हा वळतो, आणि त्याचं कारण नुसती करामत हे नाही. या मंडळींचं खरं वाद्य म्हणजे वेळ. सुरुवातीला ते वेळेला हातही लावत नाहीत. जे तीन मिनिटांत घडलं तेच तीन मिनिटांत दाखवतात. मग हळूहळू वेळेशी खेळायला लागतात. तो प्रवास फार सुंदर आहे.

[दृश्य: डॉमिनोची रांग पडू लागते. खेळण्यातला ट्रक पुढे सरकतो.]

'धिस टू शॅल पास', २०१०. लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागातलं दोन मजली गोदाम आणि त्यात उभारलेलं एक अवाढव्य रूब गोल्डबर्ग यंत्र. एका वस्तूनं दुसरीला ढकलायचं, दुसरीनं तिसरीला. डॉमिनोपासून सुरुवात, मग गोट्या, छत्र्या, पिंप, पियानो. यंत्र बांधलं सिन लॅब्ज नावाच्या अभियंत्यांच्या आणि कलाकारांच्या गटानं, दिग्दर्शन जेम्स फ्रॉस्ट यांचं. बँडच्या अटी होत्या: जादू नको, म्हणजे संगणकावर काही घुसडायचं नाही, आणि यंत्र गाण्याच्या तालात चाललं पाहिजे. मधे एके ठिकाणी तर काचेचे पेले वाजतात आणि गाण्याचा तेवढा तुकडा यंत्रच वाजवतं.

या यंत्राची रचना डोकं लावून केलेली आहे. बारीकसारीक, बेभरवशाच्या वस्तू सुरुवातीला, अवजड वस्तू शेवटी. कारण साधं आहे. डॉमिनो पहिल्या दहा सेकंदांत रुसला, तर दहा सेकंदांचंच नुकसान, पुन्हा मांडा. पियानो एकदा आपटून झाला आणि मग एखादी गोटी अडली, तर सगळा दिवस हातचा गेला. इतकं करूनही दोन दिवसांत साठहून जास्त टेक घ्यावे लागले.

[दृश्य थांबवा: सुरुवातीची चौकट. बँडचे कपडे.]

इथे थांबून नीट बघा. यंत्र नुकतं सुरू झालंय, शेवटचा रंगाचा मारा अजून व्हायचाय, आणि यांच्या कपड्यांवर आधीच रंगाचे शिंतोडे आहेत. पुढे टीव्ही फुटतो, तेव्हा मागे पाहा: आधीच फुटलेल्या टीव्हींचा ढीग पडलाय. हे लपवता आलं असतं. कपडे बदलायचे, ढीग उचलायचा, झालं. त्यांनी तो तसाच ठेवला, आणि मला विचाराल तर संपूर्ण व्हिडिओत सर्वांत प्रामाणिक गोष्ट हा ढीगच आहे. मागचे सगळे फसलेले टेक त्यात उभे आहेत.

याच सुमारास पैशाचंही एक प्रकरण झालं. त्यांची रेकॉर्ड कंपनी होती ईएमआय. तिनं यूट्यूबवरचे व्हिडिओ इतर संकेतस्थळांवर लावण्याची सोय बंद करून टाकली. डेमियननं थेट न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला आणि सांगितलं की, ट्रेडमिलचा व्हिडिओ रोज दहा हजार वेळा बघितला जायचा तो एका रात्रीत हजारावर आला. मार्च २०१०मध्ये बँड कंपनीतून बाहेर पडला आणि पॅराकॅड्यूट नावाची स्वतःची कंपनी काढली. पण मग यंत्रं, गाड्या, विमानं यांचे पैसे द्यायचे कुणी? प्रायोजकांनी. त्याची सुरुवात कंपनी सोडण्याआधीच झाली होती: यंत्राच्या व्हिडिओतल्या त्या खेळण्यातल्या ट्रकवर एका विमा कंपनीचं नाव आहे. पुढे मोटार, मीठ, कागद, विमान कंपनी असे एकेक येत गेले. रॉक बँडनं मीठ विकावं का, यावर वाद घालता येईल. मी घालत नाही. आधी रेकॉर्ड कंपनी पैसे द्यायची आणि वर हुकूमही सोडायची. ट्रकवरचं एक नाव त्यापेक्षा परवडलं.

त्याच वर्षीचा 'व्हाइट नकल्स' झटकन पाहून पुढे जाऊ. डझनाहून जास्त शिकवलेले कुत्रे, एक शेळी, आणि अखंड एक शॉट. १२४ टेक झाले, वापरला तो ७२वा. म्हणजे चांगला टेक हातात आल्यावरही ही मंडळी आणखी पन्नासेक वेळा राबली. कुत्र्यांचं मत कुणी विचारलं नसावं, पण त्यांच्या शेपट्या सारख्या हलतायत, त्यावरून काय ते समजा.

[दृश्य: बाग. माणसं विजेच्या वेगानं हलतायत. आकाश फिरतंय.]

आणि आता माझा सर्वांत लाडका. 'एंड लव्ह', तोही २०१०चाच. इथे पहिल्यांदा वेळेवर हात पडला. कॅमेरा चालूच ठेवलाय, दिवस मावळतो, रात्र जाते, हे चौघं बागेत स्लीपिंग बॅगमध्ये शिरून खरोखर झोपतात, सकाळी उठतात. गाण्यात हे सगळं चेपून बसवलंय. जिथे वेग सर्वांत जास्त आहे, तिथे २४ तास अर्ध्या सेकंदात उरकतात, म्हणजे १,७२,८०० पट. आणि जिथे सर्वांत कमी, तिथे एक क्षण बत्तीस पट ताणलाय. शूटिंगला खर्च म्हणाल, तर बाकीच्या मानानं काहीच नाही. लागली ती चिकाटी. पडद्यावर ओठ नीट हलावेत म्हणून एकेक शब्द किती वेळ तोंडात धरून बसावं लागलं असेल, याचा विचार करा.

त्यात एक हंस घुसला. ऑरेंज बिल हे त्याचं नाव. पटकथेत तो नव्हता. तो आपला यांच्या मागे मागे हिंडत राहिला आणि व्हिडिओत कायमचा बसला. एवढ्या आखीव कामात एका पक्ष्याला त्याच्या मनानं वागू दिलं, यासाठीच हा व्हिडिओ मी कुणालाही आधी दाखवतो.

[दृश्य: वाळवंटातला रस्ता. मोटारीच्या बाजूंनी दांडे बाहेर येतात.]

२०१२चा 'नीडिंग/गेटिंग' कानानं बघायचा व्हिडिओ आहे. लॉस एंजेलिसबाहेरच्या वाळवंटात साधारण दोन मैलांच्या वाटेवर हजारांहून जास्त वाद्यं मांडलेली: पियानो, गिटारी, आणि घरगुती खटाटोपानं बनवलेलं काय काय. मोटारीला हवेच्या दाबावर उघडमीट होणारे दांडे. डोक्यावर हेल्मेट घालून आत चौघं गातायत, डेमियन गाडी हाकतोय. त्यासाठी तो स्टंट ड्रायव्हिंग शिकला होता. इथे लय म्हणजे गाडीचा वेग. दोन वाद्यांमधलं अंतर ठरलेलं, त्यामुळे पाय अॅक्सिलरेटरवर जरा जास्त पडला की गाणं धावतं, कमी पडला की लंगडतं. ड्रायव्हरनं ताल सांभाळणं याचा इतका शब्दशः अर्थ दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

२०१४चा 'द रायटिंग्ज ऑन द वॉल' दृष्टिभ्रमांचा. एका जागेवरून चित्र वाटतं, कॅमेरा दोन पावलं सरकला की कळतं, हा तर खोलीभर विखुरलेला पसारा! याला एमटीव्हीचं सर्वोत्तम व्हिज्युअल इफेक्ट्सचं पारितोषिक मिळालं. ज्यात संगणकाचा इफेक्ट घुसडलेला नाही, त्याला.

त्याच वर्षी जपानमध्ये 'आय वोन्ट लेट यू डाऊन'. होंडाच्या एकचाकी बसक्या वाहनांवर बसून नाच, शेकडो छत्र्या, आणि शेवटी ड्रोन इतका उंच जातो की एकेक छत्री म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका होतो. लबाडी एकच: सगळं संथ गतीनं चित्रित करून नंतर दुप्पट वेगानं चालवलंय. नीट पाहिलंत, तर हातांच्या हालचालीत एक किंचित चटपटीतपणा जाणवेल. तो तिथून आलाय.

[दृश्य: विमानाचा अंतर्भाग. लॅपटॉप हवेत तरंगतो.]

'अपसाइड डाऊन अँड इनसाइड आउट', २०१६. याच्यावर जरा बोलायला हवं, कारण अनेकांना अजून वाटतं की यात तारा आहेत किंवा हिरवा पडदा आहे. दोन्ही नाही. रशियातल्या स्टार सिटीजवळ, जिथे अंतराळवीर सराव करतात, तिथलं इल्युशिन जातीचं विमान. ते आधी तिरकं वर चढतं, मग वैमानिक ते फेकलेल्या चेंडूच्या मार्गानं जाऊ देतो. त्या कमानीत विमान आणि आतली माणसं एकाच वेगानं पडत असतात, म्हणून माणसं तरंगतात. हे सुख साधारण २७ सेकंदांचं. मग विमान सावरतं, वजन दुप्पट होतं, सगळे जमिनीला चिकटतात, आणि पुढच्या कमानीपर्यंत काही मिनिटं थांबणं.

आता गाणं तर तीन मिनिटांचं. मग काय केलं? गाण्याचे २१ सेकंदांचे तुकडे पाडले. चित्रण करताना गाणं मुद्दाम हळू वाजवलं, म्हणजे एक तुकडा बरोबर एका कमानीत मावतो. ओळीनं आठ कमानी, सुमारे पाऊण तासाचं सलग चित्रण, आणि मधली वजनदार मिनिटं कापून टाकली. टेक एकच, पण आतून पोखरलेला. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा घड्याळ लावा: दर वीस-एकवीस सेकंदांनी सगळे हळूच खाली टेकतात, आणि पुन्हा उठतात. सांधे तिथे आहेत. ते ठाऊक झाल्यावर मजा कमी होईल असं मला वाटलं होतं. उलट, रंगाचे फुगे फुटून ते थेंब अधांतरी लोंबकळताना मी आता 'अजून किती सेकंद उरले' हे मोजत बसतो.

अशी २१ उड्डाणं झाली. पोटाचं काय झालं, ते विचारू नका. बँडनं स्वतःच ते हिशेबासकट सांगून टाकलेलं आहे.

[दृश्य: मिठाच्या रंगीत ढगांचा स्फोट, अतिसंथ गतीत.]

त्याच वर्षअखेरीचा 'द वन मोमेंट' याच्या अगदी उलट टोकाला. इथे प्रत्यक्षात घडलं ते ४.२ सेकंदांत. फुगे फुटले, रंग उडाले, गिटारी फुटल्या, अशा ३१८ घटना. त्या ताणून अख्खं गाणं भरलं. माणसाचा हात इतक्या वेगानं कॅमेरा फिरवू शकत नाही, म्हणून कॅमेरे यंत्रमानवांच्या हातात. घटनाही माणसाच्या इशाऱ्यावर नाहीत. कुठला फुगा कुठल्या क्षणी फुटणार, हे आधी गणित मांडून ठरवलेलं. आणि मधेच काही सेकंद डेमियन नेहमीच्या गतीनं गाताना दिसतो. आजूबाजूला क्षणाचे तुकडे तुकडे झालेत आणि त्यात एक माणूस आपल्या वेगानं श्वास घेतोय. व्हिडिओचा सगळा जीव त्या तेवढ्या भागात आहे.

२०१७चा 'ऑब्सेशन', ५६७ प्रिंटरांची भिंत. बुद्धीला पटतो, मनात उतरत नाही. सगळं इतकं ताब्यात आहे की चुकण्याची धाकधूकच उरत नाही. कागद नंतर पुनर्वापराला गेला, हे चांगलं झालं.

मग बरीच वर्षं अल्बम नाही. थेट २०२५मध्ये नवा आला. त्यातल्या 'लव्ह'साठी बुडापेस्टमध्ये यंत्रमानवांच्या हातात आरसे दिले, आणि चौघं एकमेकांच्या प्रतिबिंबांत अनंतापर्यंत गुणले गेले. देखणा आहे. पण मला 'अ स्टोन ओन्ली रोल्स डाऊनहिल' जास्त भावला: ६४ फोन शेजारीशेजारी मांडलेले, प्रत्येकावर वेगळं चित्रण, आणि सगळे मिळून एक चित्र. ज्यांनी एका टेकवर नाव काढलं, त्यांनी आता चौसष्ट वेगवेगळ्या टेकचं गोधडीकाम केलंय. एखाद्या फोनवरचं चित्र मधेच शेजारच्यापेक्षा निमिषभर मागे पडल्यासारखं वाटतं. माझी नजर दर वेळी तिथेच अडते.