हॉलंडचं तारकाम आणि आपला तराजू

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, विषय जाहीर झाला तसा दुसऱ्या रांगेतून प्रश्न आला, "हॉलंडला सोनं कुठलं?" रास्त आहे. तिथे सोन्याची खाण नाही, हिऱ्याची नाही, डोंगरसुद्धा नावापुरता. तरी एकोणिसाव्या शतकात तिथली बऱ्यापैकी जमीनजुमला असलेली शेतकरीण रविवारी चर्चला निघाली, की डोक्यावर सोनं, कपाळावर हिरे आणि गळ्यात पोवळी. हे आलं कुठून, एवढंच आज सांगायचं कबूल केलंय.

पण आधी तारकाम, म्हणजे बारीक तारेच्या जाळीचे दागिने. कटकचं चांदीचं तुम्ही पाहिलं असेल. हॉलंडात लेक नदीकाठी स्खोनहोवन नावाचं सोनारांचं गाव आहे. पद्धत ओळखीचीच: जंत्रीतून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, तार ओढत बारीक करायची, दोन तारा पिळायच्या, पीळ चपटा करायचा. मग तिच्या कडेला दाणे उमटल्यासारखे दिसतात. चिमट्याने वेटोळी करून जाड तारेच्या चौकटीत बसवायची, वर टाकणखार आणि झाळीचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, कीस भुरभुरवायचा आणि फुंकणीने ज्योत द्यायची. ज्योत जरा रेंगाळली, की जाळीचा गोळा. झीलंड या तिथल्या प्रांतातल्या बटणावर तर एकेका वेटोळ्यात एकेक रवा, म्हणजे सोन्याचांदीचा बारीक दाणा, बसवलेला असतो. ही बटणं तिथले पुरुष गळ्याशी लावत. नटण्याचा मक्ता बायकांकडेच होता असं समजू नका.

सोनं चौदा कॅरेट. बघा, लगेच कुजबुज! 1963 साली अर्थमंत्री मोरारजीभाईंनी चौदा कॅरेटची सक्ती केली, तो राग आपण अजून सोडलेला नाही. पण बावीसचं सोनं मऊ. रोज अंगावर वागवायच्या जाळीला चौदाचा ताठरपणा बरा पडतो.

आता माझं दुखणं. माझी भाची हॉलंडात अॅमस्टेलवेनला असते. तिने तिथल्या जुन्या बाजारातून पोवळ्याच्या माळेचा एक फासा, म्हणजे माळ अडकवायचा आकडा, आणून दिला. सोन्याची जाळी, मधे तामडा हा लाल खडा, मागे ओकच्या पानाचा इवलासा ठसा. 1853 नंतर चौदा कॅरेटच्या छोट्या दागिन्यांवर तो मारत. फाशाची जीभ सैल झाली होती म्हणून आपल्या इथल्या एका पेढीत नेला. पेढीचं नाव विचारू नका, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची भिशी तिथेच आहे. त्यांनी फासा हातात घेतला नाही, थेट काट्यावर ठेवला. "नऊ ग्रॅम. खडा काढू, झाळीची घट धरू, चौदाचा भाव लावू." मी म्हटलं, "अहो, मोडायचा नाही, दुरुस्त करायचाय." "मग मोडीत देऊन अंगठी करून घ्या ना काका, घडणावळीत सूट देतो." शेजारी आमच्या वहिनी. त्या म्हणाल्या, "भावजी, अंगठी वापरली तरी जाते." आता भांडायचं कुणाशी? ज्या दागिन्यात सोनं कमीत कमी आणि सोनाराचे डोळे जास्तीत जास्त गेलेत, त्याची किंमत आपण नेमकी सोन्यावरून ठरवतो. कमी सोन्यात भरघोस दिसणं हाच तर तारकामाचा हिशेब! नेपोलियनच्या लढायांनंतर सोनं दुर्मिळ झालं, तेव्हा साऱ्या युरोपात हे काम फॅशनीत आलं ते उगाच नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, भराभर.

टोपी जागेवर राहावी म्हणून डोक्याला धातूची साधी पट्टी लावत, तिचं नाव ओरायझर. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात ती रुंदावत रुंदावत एकोणिसाव्या शतकात जवळजवळ शिरस्त्राण झाली, कारण धान्याला भाव होता. झीलंडमध्ये तिची टोकं सोन्याच्या तारेची वेटोळी होऊन कपाळाशी आली. उत्तर हॉलंडात कपाळावर आडवी सुई लावत आणि तिच्यावर हिरे. कोंदण चांदीचं, सोन्यात हिरा पिवळट दिसतो म्हणून. पैलू 'रोझ': तळ सपाट, वर पुऱ्या खड्याला 24 पैलू, त्यामुळे चपटा खडाही वाया जात नाही.

हे हिरे सतराव्या शतकात आपल्याकडचे, गोवळकोंड्याचे. वेंगुर्ल्याची डच वखार त्याच काळातली, तिचे अवशेष तुम्ही पाहिले असतील. 1720 नंतर ब्राझीलचे आले, 1870 नंतर दक्षिण आफ्रिकेचे. अॅमस्टरडॅमच्या हिरे कापणाऱ्यांची चंगळ झाली आणि बारीक खडे शेतकरणीलाही परवडू लागले. पोवळी भूमध्य समुद्रातली. तीच पोवळी इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे ज्यू व्यापारी गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे नेत. म्हणजे त्या बाईच्या गळ्यातलं आणि कपाळावरचं एकाच उलाढालीत अडकलेलं होतं. यावर अर्धा तास बोलायचं होतं, राहू द्या.

1880 च्या सुमारास धान्याचे भाव कोसळले, शहरी टोप्या आल्या, आणि सोन्याच्या त्या पट्ट्या मोडीत निघाल्या. तराजू तिकडेही होताच! वेटोळ्यांचे झुमके झाले, बटणांचे ब्रोच. उरलेलं फ्रीसलंडमधल्या लेवार्डनच्या आणि स्खोनहोवनच्या संग्रहालयांत बघायला मिळतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. "आज ग्रॅमला काय भाव पडेल?" ही चिठ्ठी मी फाडणार आहे.