पांढऱ्यावर पांढरं

[दृश्य : राळेगाव तालुक्यातलं एक घर. जानेवारीची सकाळ. खोलीत छतापर्यंत भरलेला कापूस.]

भाव वाढेल म्हणून आबाजींनी राखून ठेवलेला हा कापूस. या गावानं बर्फ पाहिलेला नाही. पाहिली ती गारपीट, आणि तिची आठवण कुणी काढत नाही. पण माझ्या सातवीच्या मुलांनी एक व्हिडिओ पाहिला. चाकांच्या जागी स्की लावलेलं छोटं विमान बर्फावर उतरता उतरता नाकावर उलथतं. आजूबाजूला ना झाड, ना तार, सगळं मोकळं.

"सर, पायलटले जमीन दिसत नसन का?"

पोरीनं नेमकं विचारलं होतं.

मुलांनी ज्वारीच्या धांड्याचं विमान केलं. खाली बांबूच्या दोन चपट्या कामट्या, टोकं वर वळवलेली. स्की म्हणजे हेच. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बंडीचं चाक रुततं, तसं मऊ बर्फात विमानाचं. स्की भार पसरवते, म्हणून वर राहते. पण तिचं टोक खाली झुकलं, की ती नांगराच्या फाळासारखी आत घुसते आणि विमान पुढे उलथतं.

[दृश्य : कापसाच्या गंजीवर हाताचा ठसा, अगदी जवळून.]

दारातून तिरपं ऊन येतंय, तोवर पाचही बोटं दिसतात. एका कडेला उजेड, दुसरीला सावली. आता दारावर आबाजींचं पांढरं धोतर ताणलं. खोलीत अंधार झाला नाही, पण उजेड सगळीकडून सारखाच यायला लागला. ठसा कुठे गेला? हात फिरवला तर खळगा लागतो. डोळ्यांना मात्र सपाट दिसतं.

बर्फाळ मुलखात ढगाळ दिवशी असंच होतं. उजेड ढगातून झिरपतो, बर्फावरून परततो, सावली उरतच नाही. आभाळ कुठे संपलं तेही कळत नाही. वैमानिकाला वाटतं अजून वीस फूट आहे, आणि स्की टेकलेली असते. त्यात वाऱ्यानं कोरलेले कडक बर्फाचे वरंबे, ज्यांना सास्त्रुगी म्हणतात. एक स्की वरंब्यावर, दुसरी सरीत. पंख जमिनीला लागतो, विमान गर्रकन फिरतं.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिकात एक मोठं प्रवासी विमान माउंट एरेबसवर आदळलं. ते स्कीचं नव्हतं, उतरतही नव्हतं. त्याचा मार्ग बदलल्याचं वैमानिकांना कळवलेलं नव्हतं, आणि ढगाखालच्या स्वच्छ हवेतही समोरचा पांढरा चढ त्यांना चढ म्हणून दिसला नाही. २५७ माणसं गेली. हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणी बोललं नाही.

जाणते वैमानिक पहिल्याच खेपेला थांबत नाहीत. स्की नुसती घासून पुन्हा उठतात, फेरी मारतात आणि आपल्याच रेघांच्या आधारानं उतरतात. अलास्कात तर वरून गडद फांद्या टाकण्याची रीत आहे.

[दृश्य : धोतर अजून दारावर.]

ते ऐकून त्याच पोरीनं पऱ्हाटीचा वाळका पाला गंजीवर भुरभुरला. पानं पडली तिथे उंचवटा, खळगा, उतार सगळं दिसायला लागलं.

आबाजी दारात उभे होते.

"समजलं असन, तं आता एक-एक पान येचा. यापारी कचरा पायते."

पोरं वेचायला बसली.