बारा काळ आणि एक कंदील

मंडळी, मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? ठीक. विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे, 'इंग्रजीचे काळ, अगदी पहिल्यापासून'. एका तासात बारा काळ म्हणजे एका काळाला पाच मिनिटं, असा हिशेब आयोजकांनी मला आधीच करून दिलाय. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, आधी बारा असू तर देत! माझं म्हणणं असं आहे की इंग्रजीत काळ दोनच आहेत. हसा हवं तर, शेवटी फळ्यावर दाखवतो. त्याआधी माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे, ते ऐकवल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. घरच्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की आता मला सभा शोधाव्या लागतात.

इंग्रजी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी वर्गाबाहेर पाणी प्यायला गेलो होतो आणि आतून सरांची हाक आली. घरी आईने हाक मारली तर तोंडातून काय निघालं असतं? 'आलो!' तेच मी इंग्रजी करून फेकलं. व्हरांड्यातून धावत, चांगलं खणखणीत: 'आय केम, सर!' सर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "केम? तू आलास, मग तुझी जागा रिकामी कशी? तिथे काय तुझं भूत बसलंय?" सगळा वर्ग हसला. भूतकाळ आणि भूत असा तो श्लेष होता हे माझ्या लक्षात यायला पुढे काही वर्षं जावी लागली; त्या वेळी फक्त कान तापले. शिक्षा मिळाली: 'गो' या क्रियापदाचे बाराही काळ दहा-दहा वेळा लिहून आण.

आता तुम्हीच निवाडा करा. 'आलो' हे मराठीत भूतकाळाचं रूप, यात वाद नाही. पण 'आलो' म्हणणारा माणूस आलेला असतो का? फोनवर 'निघालो, निघालो' सांगणारा तर बहुधा दुसरा मोजा शोधत असतो. 'मेलो रे!' म्हणून ओरडणारा ठणठणीत जिवंत असतो. 'थांब, पडलास!' हे आपण न पडलेल्यालाच म्हणतो. पडल्यावर म्हणून उपयोग काय? काम होणार याची खात्री असली की मराठी ते झालंच म्हणून सांगून मोकळी होते. इंग्रजी अशा वेळी 'आय ॲम कमिंग' म्हणते. तो इंग्रजही तेव्हा खुर्चीतून हललेला नसतोच बरं का! थाप दोघंही मारतात, फक्त वेगवेगळ्या काळात.

सरांना हे सांगायची सोय नव्हती. आज सांगतो, कारण आजच्या सगळ्या व्याख्यानाची किल्ली तिथेच आहे. काळ हे क्रियापदाच्या रूपाचं नाव आहे. घड्याळातली वेळ ही निराळी चीज. दोघांचं बऱ्याचदा जमतं, पण लग्न लागलेलं नाही. 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो', गाडी उद्या सहाला सुटते. गाडी उद्याची, रूप आजचं. इंग्रजीत चालतं, मराठीत चालतं, आणि ऐकणारा फलाटावर बरोबर उद्याच जातो.

तर ती शिक्षा. एकशेवीस ओळी. त्यातली शेवटची होती 'आय शॅल हॅव बीन गोइंग'. पूर्ण चालू भविष्यकाळ. पूर्णही आणि चालूही, वर भविष्य! मराठीत सांगायचं तर 'मी जात आलेला असेन'. असं वाक्य तुमच्यापैकी कोणी कधी उच्चारलंय? हात वर करा. एकही नाही. मी दहा वेळा लिहिलं, आणि त्यानंतर इतकी वर्षं शिकवतोय, वर्गाबाहेर ते बोलायची वेळ माझ्यावर एकदाही आलेली नाही. 'आलोच'ला इंग्रजीत काय म्हणतात हे मात्र त्या एकशेवीस ओळींत कुठेच नव्हतं.

हे बारा आले कुठून? इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण 1586 सालचं, विल्यम बुलोकर यांचं, आणि ते बेतलेलं होतं लॅटिन व्याकरणाच्या मापावर. विद्वानांची भाषा लॅटिन, तेव्हा इंग्रजीलाही तोच अंगरखा. अंगरखा ढगळ होतो म्हणून अंग फुगवायचं, असा प्रकार. लॅटिनमध्ये सहा काळ, आणि ते खरोखर क्रियापदाचं शेपूट बदलून होतात. पुढे 1795 मध्ये लिंडली मरे यांचं व्याकरण आलं. हे मूळचे अमेरिकेतले वकील, इंग्लंडात येऊन राहिलेले, आणि त्यांचं पुस्तक पुढची कित्येक दशकं शाळाशाळांतून चाललं. त्यांनी इंग्रजीलाही सहाच काळ दिले. मग कोणाला तरी आडव्या-उभ्या रेघांची आवड लागली असावी. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन उभे. साधा, चालू, पूर्ण आणि पूर्ण चालू हे चार आडवे. तीन चोक बारा! तक्ता देखणा होतो, भिंतीवर लावता येतो, परीक्षेत विचारता येतो. आणि नवशिक्याचे बारा वाजतात.

या बारातून भविष्याचे चार तर मी आत्ताच काढून टाकतो. क्रियापदाचं रूप बदलून इंग्रजीत भविष्यकाळ होतच नाही. आपल्याकडे 'जाईन' म्हटलं की क्रियापदाच्या आतच पुढचं सगळं आलं. इंग्रजीत 'गो'ला काहीही करा, भविष्य निघणार नाही. बाहेरून 'विल' आणून बसवावं लागतं. या 'विल'चा जुना अर्थ 'इच्छिणे'. मृत्युपत्राला विल म्हणतात ते याच मुळातून. आणि हे 'विल' स्वतः वर्तमानाचं रूप आहे, त्याचं भूत 'वुड'. जॉन वॉलिस नावाचे गणिती होते, अनंताचं ते आडव्या आठासारखं चिन्ह रूढ केलं तेच हे गृहस्थ. त्यांनी 1653 च्या आपल्या व्याकरणात नियम मांडला की स्वतःबद्दल नुसतं भाकीत करायचं तर 'शॅल', निर्धार सांगायचा तर 'विल', आणि समोरच्याबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलताना बरोबर उलट. यावर एक जुना विनोद आहे. बुडणारा परदेशी ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' काठावरचे इंग्रज म्हणतात, ठाम निर्धार दिसतोय गृहस्थांचा, आणि टोपी काढून निघून जातात. आज तो भेद बोलण्यात जवळपास उरलेला नाही. मलाही परीक्षेत तो विचारला होता आणि मीही बुडालोच होतो.

असो. 'गो'वर आलोच आहोत तर 'वेंट'बद्दल एक सांगतो. शिकणारा हमखास विचारतो, 'गो'चं 'वेंट' कसं काय? एकाचं दुसऱ्याशी नातं काय? काहीच नाही! 'वेंट' हे 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं भूत आहे, 'गो'ने ते दत्तक घेतलं. लहान इंग्रज पोरं नियमाने 'गोड' म्हणतात, आणि ऐकायला ते गोडच वाटतं, पण मोठी माणसं दुरुस्त करतात. हसण्याआधी मराठीकडे बघा. 'जा'चं भूत काय? 'गेला'. यातला ज कुठे गेला? 'ये'चं 'आला'. 'कर'चं 'केला', 'मर'चा 'मेला'. आपणही 'जाला' म्हणत नाही. रोज तोंडात असलेले शब्दच असे वाकडे राहतात. ते इतके घासलेले असतात की त्यांना नियम लावायला कोणी जात नाही. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरातली क्रियापदं, बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, सगळीच्या सगळी अनियमित आहेत. ती पाठच करायची, इलाज नाही. नियमित क्रियापदांचं 'ईडी' मात्र लिहायला एक आणि बोलायला तीन: 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टिड'. आधी ट किंवा ड असेल तरच 'इड' ऐकू येतं. 'वॉकेड' म्हणणाऱ्यांनी इथे नुसतं मनात हात वर करावा.

चिठ्ठी आली. काय म्हणतात? दहा मिनिटं. अहो, मी आत्ता कुठे प्रस्तावना संपवतोय. बरं, आता पळतो. लिहून घ्या.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक हिशेबनीस यायचे, वयाने माझ्याहून मोठे. प्रत्येक वेळी 'आय डिड नॉट वेंट'. दहादा दुरुस्त केलं, अकराव्यांदा पुन्हा 'डिड नॉट वेंट'. त्यांचं म्हणणं रास्त होतं, गोष्ट कालची ना, मग 'गो' कसं चालेल? मी फळ्यावर 'डिड' खाली रेघ मारली आणि म्हटलं, "भूतकाळ इथे आलाय बघा." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे सर, नोंद एकदाच. मी एकच रक्कम दोनदा खतवत होतो." त्या दिवसापासून ते चुकले नाहीत, आणि मला व्याख्यान मिळालं.

मी त्याला कंदील म्हणतो. क्रियापदं एकामागे एक रांगेत उभी आहेत, वाट अंधारी, कंदील एकच, आणि तो सगळ्यात पुढच्याच्या हातात. काळ ओळखायचा तर फक्त पहिल्याकडे बघा. 'ही वेंट', एकटाच आहे, कंदील त्याच्याकडे. 'ही डिड नॉट गो', पुढे 'डिड' आला, कंदील त्याने घेतला, 'गो' साधा झाला. 'ही गोज'मधला तो 'स' आठवतो? सगळे विसरतात तो? मराठीत जातो, जाते, जातं, जातोस, जातात एवढं सांभाळणारे आपण, आणि इंग्रजीचा एकुलता एक 'स' आपल्याच्याने सांभाळवत नाही! तोही कंदिलाबरोबरच चालतो. 'डझ ही गो?' यात 'स' 'डझ'कडे गेला, म्हणून 'डझ ही गोज' चूक.

कंदील आजचा किंवा कालचा, दोनच प्रकार. म्हणून काळ दोन. बाकी सगळं मदतनिसांचं काम, आणि प्रत्येक मदतनीस आपल्या लगेच मागच्याला पोशाख ठरवून देतो. 'डू'च्या मागे मूळ रूप. 'विल', 'कॅन', 'मस्ट' यांच्याही मागे मूळ रूप. 'हॅव'च्या मागे तिसरं रूप: गॉन, सीन, ईटन. 'बी'च्या मागे, म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांच्या मागे, 'इंग'. झालं. पूर्ण चालू भविष्याचा तो राक्षस आता मोडून बघा. 'शॅल' पुढे, त्याने 'हॅव'ला मूळ ठेवलं. 'हॅव'ने 'बी'चं 'बीन' केलं. 'बीन'ने 'गो'ला 'इंग' लावलं. पाठ काहीच करायचं नाही.

'आय हॅव सीन हिम यस्टरडे' का चुकतं? मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' सर्रास चालतं, म्हणून आपण तसंच बोलतो. पण 'हॅव' हा आजचा कंदील आहे. तो घेऊन इंग्रजी कालच्या अंगणात जाऊ देत नाही. 'यस्टरडे' हवा तर 'सॉ' म्हणा. नुसतं पाहिलंय एवढंच सांगायचं, कधी ते महत्त्वाचं नाही, तर 'हॅव सीन'.

आणि 'आय ॲम नोइंग' नको. जाणणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत. त्या सुरू असलेल्या हालचाली नव्हेत. तिथे साधं रूप. 'मला माहीत आहे' यातल्या 'आहे'मुळे आपल्याला तिथे 'ॲम' घालायचा मोह होतो.

कर्मणी प्रयोगाचं राहिलं. एका वाक्यात: 'बी'च्या मागे 'इंग'ऐवजी तिसरं रूप टाका, 'द लेटर वॉज रिटन'. हो, उठलोच, घंटा ऐकली. हे एवढंच फळ्यावर लिहून ठेवतो, जाता जाता बघा: 'शी मस्ट हॅव बीन स्लीपिंग'. ती झोपलेली असणार. कंदील 'मस्ट'च्या हातात. पण 'मस्ट'ला भूतकाळाचं रूपच नाही, 'विल'चं 'वुड' होतं तसं त्याचं काहीच होत नाही. मग मागची गोष्ट सांगायची कशी? म्हणून मागे 'हॅव'ला उभं केलंय.