रंग कोणत्या तारखेचा? युद्धकाळातल्या ब्रिटिश लष्करी मोटारसायकली

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातली बीएसए एम २० किंवा नॉर्टन १६ एच मोटारसायकल हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हिचा मूळ रंग कोणता?” माझं म्हणणं असं की या प्रश्नाला तारीख जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही. कारखान्यातून निघतानाचा रंग, १९४३ साली वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन बाहेर पडतानाचा रंग आणि १९४५ चा रंग हे तीन वेगळे असू शकतात, आणि तिन्ही मूळच असतात.

आधी क्रम पाहू. युद्धापूर्वी ब्रिटिश सैन्याच्या गाड्यांना चकचकीत डीप ब्रॉन्झ ग्रीन, म्हणजे गडद हिरवा रंग असायचा. रंगांच्या ब्रिटिश मानकात त्याचा तेव्हाचा क्रमांक २४, आजचा २२४. १९३९ मध्ये चकाकी गेली आणि खाकी ग्रीन नंबर ३ आला. त्याला लघुरूपात जी थ्री म्हणतात. मॅचलेसच्या मोटारसायकलचंही नाव जी थ्री, त्यामुळे “जी थ्रीला जी थ्री मारलाय” असली वाक्यं ऐकून गोंधळू नका. हा फार हिरवा नाही. पिवळी माती आणि काळा रंग मिसळल्यावर जी मळकट हिरवट छटा येते, तिच्या जवळचा आहे.

१९४२ मध्ये बदल झाला तो पुरवठ्यामुळे. हिरव्या रंगासाठी लागणारा क्रोमियम ऑक्साइड दुर्मिळ झाला आणि सैन्याने आपला पायाभूत रंगच तपकिरी केला. हा एससीसी २, म्हणजे प्रमाणित कॅमोफ्लाज रंगांच्या मालिकेतला दुसरा. सारवलेली जमीन पुरती वाळली की जशी दिसते, तसा. त्याबद्दलचा लष्करी आदेश मे १९४२ चा आहे. मग एप्रिल १९४४ मध्ये एससीसी १५, ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा. कारण साधं होतं: अमेरिकन गाड्या ऑलिव्ह ड्रॅबमध्येच येत होत्या, त्या पुन्हा रंगवण्याचा खटाटोप वाचला. युद्धानंतर काही वर्षांनी चकचकीत डीप ब्रॉन्झ ग्रीन परतला.

या तारखांना भिंत समजू नका. नुसता रंग बदलायचा म्हणून गाडी रंगवू नये आणि हातातला साठा संपवावा, असं धोरण होतं. त्यामुळे १९४२ च्या उत्तरार्धातली गाडी जी थ्रीमध्ये निघाली असली तरी नवल नाही.

वाळवंटाचं गणित निराळं. इंग्लंडहून जी थ्रीमध्ये आलेली गाडी इजिप्तमध्ये लाइट स्टोन नंबर ६१ या फिकट वाळूरंगाने झाकली जायची. ऑक्टोबर १९४२ पासून तिथे गुलाबीसर डेझर्ट पिंक आला. चौथी भारतीय डिव्हिजन उत्तर आफ्रिकेत लढली, त्यामुळे भारतीय तुकड्यांकडच्या गाड्यांवरही हे थर होते. ब्रह्मदेशातल्या गडद हिरव्यांचा पसारा मात्र एवढा आहे की त्याला आज हात घालत नाही.

आता मुद्द्याचं काम: थर वाचायचे कसे?

जागा निवडताना ऊन, पाणी आणि हात जिथे पोहोचले नाहीत तिथेच बघा. सीटच्या पत्र्याची खालची बाजू, टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, बॅटरी कॅरियरच्या पट्ट्याखाली, हेडलाइटच्या डब्याच्या आत, टाकी चॅसिसवर बसते त्या रबरांखाली. नमुना एकाच भागाचा घेऊ नका. वर्कशॉपमध्ये टाक्या आणि मडगार्ड या गाडीचे त्या गाडीला लागायचे. चॅसिसवर जी थ्री आणि टाकीवर एससीसी २ निघाला तर दोन्ही खरे असतील. चॅसिस, टाकी आणि मागचं मडगार्ड हे तिन्ही तपासायचे.

जागा साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग ८०० नंबरचा पाणी पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) बोटाएवढ्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, थेंबभर साबण टाकलेलं पाणी घ्या आणि गोलाकार, हलक्या हाताने घासा. दहा रुपयांच्या नाण्याएवढी उथळ बशी तयार झाली पाहिजे. मध्यभागी पत्रा उघडा पडला की थांबा. नंतर १२०० आणि २००० ने कडा गुळगुळीत करा. प्रत्येक थराची एक कडी दिसेल. पुसून हलक्या तेलाचा थेंब लावा आणि दहापट भिंगातून बघा.

भिंगातून दिसणारी महत्त्वाची गोष्ट दोन रंगांमधली काळसर, बारीक रेघ. ती धूळ-तेलाची. रेघ असेल तर खालच्या रंगात गाडी खरोखर वापरात होती, आणि वरचा नंतर आला. रेघ नसेल तर दोन्ही थर एकाच बैठकीतले, म्हणजे खालचा बहुधा प्रायमर. इथेच लोक फसतात. लालसर तपकिरी प्रायमरला एससीसी २ समजून अख्खी गाडी तपकिरी करणारे बरेच आहेत. प्रायमर लालीकडे झुकतो, पातळ असतो, वरच्या थराला घट्ट चिकटलेला असतो. आणि चकचकीत काळं भाजलेलं इनॅमल सगळ्यात तळाशी सापडलं म्हणजे गाडी काळीच होती, असा निष्कर्ष काढू नका. खाकीखाली अस्तर म्हणून ते असू शकतं. उलट, वरचा काळा थर आपल्याकडे बहुतेक वेळा युद्धानंतरच्या मालकाचा. लष्करी लिलावातून नागरिकांच्या हाती गेलेल्या गाड्या लगेच काळ्या होत.

थिनरचा उपयोग चाचणीपुरता. कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवून कोपऱ्यात पाच सेकंद दाबा. सेल्युलोज प्रकारचा रंग असेल तर तो सुटून बोळ्यावर येईल. भाजलेलं इनॅमल हलणार नाही. पेंट रिमूव्हर मात्र टाकीला लावण्याआधी दहादा विचार करा, कारण तिथे सगळ्यात मोठा पुरावा दडलेला असतो: सी अक्षराने सुरू होणारा पांढरा लष्करी नोंदणी क्रमांक. खोली अंधारी करा आणि टॉर्च टाकीच्या कडेने आडवा धरा. वरच्या रंगातूनही आकड्यांच्या उंचवट्याच्या कडा दिसतात. दिसल्या की बटर पेपरवर छाप घ्या, फोटो काढा, मगच पाणी पेपर हातात घ्या. क्रमांक हाती लागला की गाडी कोणत्या कंत्राटातली हे शोधता येतं आणि कारखान्याच्या रंगाची तारीख हाती येते. चॅसिस क्रमांकही टिपून ठेवा. युद्धकाळातल्या बहुतेक बीएसए एम २० चा डब्ल्यूएम २० ने सुरू होतो. इंजिन क्रमांकावर भिस्त ठेवू नका, इंजिनं सर्रास बदलली जात.

थर सापडला म्हणजे छटा सापडली असं नाही. जुना तेलरंग अंधारात पिवळा पडतो आणि उन्हात खडूसारखा पांढुरका होतो. म्हणून सीटखालचा जी थ्री उगाच तपकिरी भासतो आणि मडगार्डवरचा फिकट. रबिंग कंपाउंडने पांढुरकी साय काढा. सुटा करता येणारा भाग असेल तर काही दिवस खिडकीतल्या उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. छटा जुळवायची त्यानंतर. रंगाच्या दुकानातल्या मोजयंत्राला सपाट जागा लागते, त्यामुळे टूलबॉक्सचं झाकण घेऊन जा. यंत्राने दिलेला रंग आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारा, २४ तास वाळू द्या आणि सावलीतल्या उजेडात नमुन्याशेजारी धरा. मग ट्यूबलाइटखाली पुन्हा बघा. रंगद्रव्यं वेगळी असली की उन्हात जुळलेला रंग ट्यूबखाली फुटून दिसतो. आजच्या नाटो ग्रीनने काम भागवणं हा सगळ्यात आळशी मार्ग. युद्धकाळात तो रंग नव्हता.

आता रंग मारण्याबद्दल. एका मोटारसायकलला साधारण एक लिटर वरचा रंग आणि अर्धा लिटर प्रायमर लागतो. मॅट रंगातली चकाकी मारणारी पूड तळाशी बसते. म्हणून डबा तळापासून ढवळा, आणि दोन डबे असतील तर आधीच एका भांड्यात एकत्र करा. नाही तर टाकी एका चकाकीची आणि मडगार्ड दुसऱ्या, हे ठरलेलं. स्प्रे गनचं नोझल १.३ किंवा १.४ मिलिमीटर, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, दोन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. शेवटचा हात सगळीकडे एकाच वेगाने फिरवा. जाड, ओला हात पडला की पट्टे उठतात, आणि मॅटवर पॉलिश करून ते लपवता येत नाहीत. ओरखडा पडला तरी तेवढंच टिपू नका, तो अख्खा भाग पुन्हा मारा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्यात, सेल्युलोज मारू नका. हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि पांढरी धुरकट साय धरते. मॅटवर ती जुन्या झिजेसारखी दिसते, म्हणून उशिरा लक्षात येते. मारायचाच असेल तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर वापरा.

टाकीवर एकट्या डब्याचा मॅट इनॅमल टिकत नाही. झाकणातून पेट्रोल ठिबकलं की डाग आणि मऊ पट्टे पडतात. तिथे हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा मॅट रंगच घ्या. त्याच्या वाफेत आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साधा कापडी मास्क किंवा रुमाल त्याला अडवत नाही. हवा पुरवणारा मास्क नसेल तर टाकी बाहेरच्या स्प्रे बूथमध्ये रंगवायला द्या. क्रमांकाचे पांढरे आकडे त्यावर शेवटी, बटर पेपरच्या छापावरून कापलेल्या स्टेन्सिलने.