रॉटरडॅमला जायचंय? मग तयारी आत्तापासून

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते आपल्या सांगली-साताऱ्याच्या संग्रहालयांत काम करणाऱ्यांशी, म्हणजे अभिरक्षक, गाईड, रजिस्टर लिहिणारे, सगळेच आले त्यात. घरच्यांनीही ऐका, कारण ही तयारी घरातही करावी लागते.

संग्रहालयवाल्यांची जागतिक संघटना आहे आयकॉम, 1946 साली स्थापन झाली, ऑफिस पॅरिसला. दर तीन वर्षांनी तिची मोठी परिषद भरते, 2019 ला क्योटो, 2022 ला प्राग, 2025 ला दुबई झालं आणि आता 2028 ला रॉटरडॅम. माझं अगदी मनापासून म्हणणं आहे की तिथं कृष्णाकाठचं कुणीतरी गेलंच पाहिजे, आणि नुसतं ऐकायला नाही, बोलायला.

आता तुम्ही म्हणाल, आपण काय बोलणार? अहो, रॉटरडॅमचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, पाण्याची काळजी तिथल्या लोकांना रोजची. आणि आपल्याकडे ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45. पुरात कागदाचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

भिजलेल्या मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, डोळ्यासमोर आणा. घाईनं गाठ सोडून पानं ओढली की फाटतात, ओला चिखल पुसायला गेलं की तो अजून आत जातो, कडक उन्हात टाकलं की कागद आकसतो, आणि दोनेक दिवसांत बुरशी धरायला लागते. म्हणून सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर, मधे मधे टीपकागद घालून तो सारखा बदलत राहायचं, आणि एवढं सगळं एकदम जमणार नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं म्हणजे बुरशी थांबते, आपल्याला वेळ मिळतो. पण पुरात लाईट गेलेली असते, मग फ्रीझर कुठला? तासगाव किंवा विट्याच्या एखाद्या आईस्क्रीमवाल्याशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवायचं का? गाडी कुणाची, रस्ता कुठला? हे ज्यानं बसून ठरवलं, करून बघितलं, त्याचा परिषदेत वाचायचा निबंध तयारच आहे की.

साताऱ्यातही तसंच. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, ठरावीक मुदतीसाठी. परक्या देशातली वस्तू आपल्याकडे ठेवायची म्हणजे करार, शोकेस, बंदोबस्त, गर्दी, हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी लिहून काढावं.

निबंधाचा सारांश साधारण 250-300 शब्दांचा मागतात आणि मुदत परिषदेच्या कितीतरी महिने आधी संपते. त्यात थोर परंपरा, वैभवशाली वारसा असलं लिहू नका हो, तुमची अडचण काय होती, तुम्ही काय केलं, किती वस्तूंवर केलं आणि काय जमलं नाही ते लिहा. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करा. बोलायला पंधरा मिनिटं मिळाली तर मोबाईलवर वेळ लावून घरच्यांसमोर म्हणून बघा, आईला कळलं म्हणजे जपानच्या माणसालाही कळेल. इंग्रजीची भीती नको, तिथं बऱ्याच जणांची ती परकीच भाषा असते, सावकाश बोललेलं उलट त्यांना बरं पडतं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. नेदरलँड्सला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू पाहिजे आणि किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स पाहिजे. सरकारी नोकरीत असाल तर खात्याच्या परवानगीची फाईल सगळ्यात आधी हलवा, तिलाच वेळ लागतो. संस्थाचालकांनो, तुम्हालाही विनंती, माणसाला रजा आणि निम्मा तरी खर्च द्या, तो स्वतःसाठी फिरायला चाललेला नाही.

आणि तिथं गेल्यावर आपल्याच लोकांच्या घोळक्यात बसू नका. चहाच्या सुट्टीत पूर बघितलेल्या संग्रहालयातला माणूस शोधा, ओल्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये तयार ठेवा आणि सरळ विचारा, तुम्ही असे कागद कसे वाळवले? त्याचा ईमेल घ्या आणि सांगलीत परत आल्यावर आठवडाभरात त्याला लिहा.