गच्चीवरचं ऊन आणि मोबाईलचा लक्समीटर

श्रोतेहो, नमस्कार.

घरावर सोलर बसवलं की पहिले काही दिवस माणूस गच्चीवरच असतो. पॅनल किती बनवतंय, कमी का बनवतंय, बसवणाऱ्यानं फसवलं तर नाही ना? मग कोणीतरी सुचवतं, मोबाईलमध्ये लक्समीटरचं अ‍ॅप टाक आणि ऊन मोज. फुकट आहे, टाकायला हरकत काहीच नाही. पण तो आकडा नेमका काय सांगतो, ते आधी समजून घेऊ.

अँड्रॉइड फोनच्या वरच्या बाजूला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ, एक बारीकसा सेन्सर असतो. अ‍ॅप उघडून तिथं अंगठा ठेवा, आकडा धाडकन खाली येईल. स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायला तो बसवलेला असतो. तो मोजतो लक्स, म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा रंग सगळ्यात जास्त जाणवतो आणि इन्फ्रारेड अजिबात दिसत नाही. सिलिकॉनचं पॅनल मात्र न दिसणाऱ्या इन्फ्रारेडच्या बऱ्याच भागातूनही वीज काढतं. म्हणून एलईडी दिव्याखाली आणि उन्हात लक्स सारखे आले, तरी दिव्याखाली पॅनल बरीच कमी वीज देतं.

भर दुपारच्या स्वच्छ उन्हात साधारण १ लाख २० हजार लक्स असतात, आणि चौरस मीटरला सुमारे १,००० वॉट ऊर्जा पडते. त्यावरून लक्सला १२० नं भागलं की ढोबळ वॉट मिळतात. ढोबळच हं! शिवाय कित्येक फोनचे सेन्सर एवढ्या उन्हात टिकतच नाहीत. एका आकड्यावर जाऊन अडकतात. ऊन वाढतं, आकडा हलत नाही.

आता खरी गोची मे महिन्यात होते. अ‍ॅप लाखावर लक्स दाखवतं, आणि ३ किलोवॉटच्या सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, कसाबसा २.४ दाखवतो. लगेच भांडण! पण पॅनलवर लिहिलेले वॉट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरचं पॅनल सहज ६५ अंशांवर जातं. पॅनल तापलं की वीज घटते. दर अंशामागे ०.३५ टक्के घट धरली, तरी वरच्या चाळीस अंशांचे १४ टक्के तिथंच गेले. वर धूळ, वायरिंग, इन्व्हर्टर यांची थोडी थोडी घट. २.४ मध्ये गैर काही नाही. हे तापमान फोनला कळत नाही, त्यामुळे त्याच्या आकड्यावरून कोणाला चोर ठरवू नका.

मग अ‍ॅप काढून टाकायचं का? नाही. तुलनेला ते चांगलं आहे. सेन्सरवर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवा, म्हणजे ऊन गाळून येईल आणि आकडा अडकणार नाही. फोन पॅनलच्या उतारावरच टेकवा. हातात आडवा धरला तर कोन बदलतो आणि आकडाही. त्याच वेळी इन्व्हर्टर बघा. समजा आज बाराला फोन ४०,००० दाखवतो आणि इन्व्हर्टर २ किलोवॉट. पॅनल धुतल्यावर दुसऱ्या दिवशी बाराला, हवा तशीच असताना, फोन पुन्हा ४०,००० आणि इन्व्हर्टर २.२. झालं, धूळ तुमची जवळपास दहावा हिस्सा वीज खात होती. फोन तोच हवा, कागदही तोच.

सावली शोधायलाही असाच उपयोग होतो. शेजारच्या टाकीची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली, तर नुसता तो कोपरा बुडत नाही. सावलीतला भाग वगळून वीज पुढं नेणारे बायपास डायोड पॅनलमध्ये असतात, त्यांच्यामुळे पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो.

काही जण मल्टीमीटरनं व्होल्टेज बघून "पॅनल ठीक आहे" म्हणतात. व्होल्टेज ढगाळ हवेतही जवळजवळ पूर्ण येतं. ऊन कमी झालं की घटतो तो करंट. तो मोजणं मात्र जाणकाराकडं सोपवा; पॅनलकडून इन्व्हर्टरकडे येणाऱ्या छतावरच्या डीसी वायरींत जीवघेणं व्होल्टेज असतं.

आणि पॅनल धुवायचं ते सकाळी, ऊन चढण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. नमस्कार.