सुपरकॉम्प्युटर राहू दे, रिकामे पीसी जुंपा!

हां तर मंडळी, कॉम्प्युटर म्हटलं की पहिला प्रश्न, फास्ट किती? पण ज्याला लाखभर सिम्युलेशन्स उरकायचीयत त्याला सेकंदाच्या स्पीडशी काय देणंघेणं, महिनाअखेर किती काम हातावेगळं झालं एवढंच तो बघणार. ह्याला म्हणतात हाय-थ्रूपुट कॉम्प्युटिंग, आणि त्यातलं मुरलेलं सॉफ्टवेअर म्हणजे एचटीकॉन्डॉर. विस्कॉन्सिन-मॅडिसन युनिव्हर्सिटीत मिरॉन लिव्हनी आणि टीमनं १९८० च्या दशकात सुरू केलं, तेव्हा नाव नुसतं कॉन्डॉर, एचटी २०१२ मध्ये चिकटलं.

डिपार्टमेंटमधली वर्कस्टेशन्स रात्रभर नुसती पडून असायची, मग जुंपा की कामाला! पण दुसऱ्याचं मशीन म्हणजे त्याची मर्जी सांभाळणं आलं. म्हणून हे सगळं चालतं वधू-वर सूचक मंडळासारखं. जॉब, म्हणजे तुमचं मशीनवर चालवायचं एकेक काम, जाहिरात देतो, लिनक्स हवं, ४ जीबी रॅम हवी. मशीनसुद्धा देतं, कीबोर्डला १५ मिनिटं कुणी हात लावला नसेल तरच या. मधला निगोशिएटर दोन्हीकडच्या अटी जुळवतो. मालक परत आला, माऊस हलला, की जॉबनं गाशा गुंडाळायचा. मालकाला असा मान देणारं सॉफ्टवेअर विरळाच, खरं सांगतो.

तुम्ही काय लिहायचं? छोटीशी सबमिट फाईल: कुठला प्रोग्राम, मेमरी किती, आणि शेवटच्या ओळीत ‘क्यू १००००’. झालं, दहा हजार जॉब रांगेत, प्रत्येकाला आपापला नंबर, त्या नंबरवरून तो आपली इनपुट फाईल उचलतो.

गुरुत्वीय लहरी शोधणारी लायगोची मंडळी हेच वापरतात, कारण डेटाचे तुकडे पाडले की एकाला दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही. पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत ‘सारथी’ क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटर्सचा ताफा, आहे ना, तो ह्याच लायगोच्या डेटासाठी. हवामानाचं मॉडेल मात्र इथे आणू नका, त्यात प्रत्येक स्टेपला शेजारच्या तुकड्याचा आकडा लागतो, तिथे सुपरकॉम्प्युटरच पाहिजे.

आणि हो, पाच-पाच सेकंदांचे जॉब टाकू नका, मशीन जुळवण्यातच जास्त वेळ जातो. तीन दिवसांचा एकच जॉबही नको, मधेच हाकलला तर पहिल्यापासून सुरू, म्हणजे प्रोग्राममध्ये मधूनमधून सेव्ह करायची सोय केली नसेल तर. तास-दोन तासांचे तुकडे पाडा, निवांत झोपा.